किचकट कामाला इंग्रजीत काय म्हणायचं? ‘फिडली’ वापरायची रीत

कोल्हापूरच्या उद्यमनगरातला फिटर, हुपरीत पैंजणाची कडी कडीला झाळणारा कारागीर, इचलकरंजीत मागावर एकेक सूत ओवणारा वहिफणीवाला आणि दिवाळीत करंजीला मुरड घालणारी काकू, या चौघांना कामाबद्दल विचारलं तर उत्तर एकच येईल: ‘लई किचकट असतंय.’ सातबाऱ्यावर वारसांची नोंद करायला निघालेला माणूसही हेच म्हणतो आणि अकरावीचं गणित सोडवणारी पोरगीही. मराठीत एका शब्दात सगळ्यांची सोय होते. इंग्रजीत त्याच किचकटाच्या आठ-दहा वाटण्या झाल्यात आणि प्रत्येक वाटणीचा सातबारा वेगळा आहे.

आपण सगळीकडे ‘कॉम्प्लिकेटेड’ लिहून मोकळे होतो. त्याने व्याकरण चुकत नाही, पण अर्थ भलतीकडे जातो. बोटांच्या किचकटपणासाठी इंग्रजीत नेमका शब्द आहे: फिडली. परदेशी गिऱ्हाइकाला मेल लिहिणाऱ्यांनी, ऑनलाइन दागिने आणि चपला विकणाऱ्यांनी आणि ब्रिटनला शिकायला किंवा नोकरीला निघालेल्यांनी हा शब्द आधी शिकावा. शब्द छोटा आहे, पण त्याच्या आजूबाजूला खड्डे बरेच आहेत.

लागणारं सामान

- शब्दकोश: केंब्रिज, ऑक्सफर्ड किंवा लाँगमन यांपैकी कोणताही, शिकणाऱ्यांसाठी काढलेला. तिन्ही फोनवर फुकट बघता येतात. शब्दाशेजारी ‘ब्रिटिश’ किंवा ‘इन्फॉर्मल’ असा शिक्का आहे का तेही वाचायचं. अर्थाइतकाच तो शिक्का कामाचा.
- तुमच्या स्वतःच्या धंद्यातल्या किंवा घरातल्या पाच किचकट कामांची यादी. पुस्तकातली उदाहरणं डोक्यात राहत नाहीत, स्वतःची राहतात.
- एक वही. तिच्यात एकटा शब्द लिहायचा नाही, कायम अख्खं वाक्य लिहायचं.

१. किचकट बोटांना आहे की डोक्याला, ते आधी ठरवा

यादीतलं एकेक काम घ्या आणि तीन प्रश्न विचारा. त्यात बारीक भाग किंवा बारीक-बारीक पायऱ्या आहेत का? ते करताना बोटं अडखळतात का, चिमटीत धरलेलं निसटतं का? आणि काम कसं करायचं हे कळलेलं असूनही वेळ खातं का? तिन्हींना ‘हो’ आलं तर फिडली. तिसऱ्याला ‘नाही’ आलं, म्हणजे काय करायचं तेच कळत नसेल, तर तो शब्द इथे नको.

करंजीची मुरड फिडली आहे. लसूण सोलणं फिडली आहे. सुईत दोरा ओवणं तर आहेच. पांढरा रस्सा मात्र फिडली नाही. खोबरं वाटा, दूध पिळून गाळा, मंद आचेवर फुटू न देता सांभाळा, यात वेळ जातो, लक्ष लागतं, पण बोटांची परीक्षा कुठेच नाही. त्याला ‘टाइम-कन्झ्युमिंग’ म्हणा.

कारखान्यातलं उदाहरण घ्या. शिरोलीच्या फाउंड्रीत साच्यात छोटा कोअर, म्हणजे कास्टिंगमध्ये पोकळी ठेवणारा वाळूचा तुकडा, बसवायचाय. त्याला आधार देणारे चॅपलेट नेमक्या जागी ठेवायचे, कोअर वाकडा होऊ द्यायचा नाही, वाळू सांडू द्यायची नाही. हे फिडली. तीच फाउंड्री, पण चाळीस किलोचं पंपाचं कास्टिंग, धरायला धड कडा नाही, दोघांनी उचललं तरी अंगावर येतं: हे फिडली नाही. याला ‘ऑकवर्ड’ किंवा ‘अनवील्डी’. साध्या भाषेत सांगायचं तर फिडली वस्तू चिमटीत मावते, अनवील्डी वस्तू कवेतही मावत नाही.

वस्तू बारीक नसली तरी पायऱ्या बारीक असल्या तर शब्द चालतो. शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरवरचा डिजिटल टायमर बघा. एकच बटण. दाबून धरलं की तास, सोडून परत दाबलं की मिनिटं, आणि बोट जरा जास्त वेळ राहिलं की सगळं शून्यावर. ते बटण चांगलं मोठं असलं तरी सेटिंग फिडलीच.

२. वाक्यात बसवायच्या चार जागा

नामाच्या आधी: ‘अ फिडली जॉब’, ‘फिडली स्क्रूज’. ‘फिडली बिट्स’ ही जोडी इंग्रजीत फार रुळलेली आहे. कुठल्याही कामातला तो शेवटचा बारीकसारीक, कंटाळवाणा भाग म्हणजे फिडली बिट्स. सोबत ‘लिटल’ जोडायचं असेल तर क्रम ‘फिडली लिटल स्क्रूज’ असाच. मत सांगणारा शब्द आधी, आकार सांगणारा नंतर. ‘लिटल फिडली स्क्रूज’ ऐकणाऱ्याच्या कानाला खटकतं.

क्रियापदानंतर: ‘द हुक इज फिडली.’

‘टू’ लावून: ‘द हुक इज फिडली टू फासन.’ आपल्याकडे सर्वांत जास्त चूक इथे होते. ‘फासन’नंतर सवयीने ‘इट’ जोडला जातो. हुक वाक्याच्या सुरुवातीलाच येऊन गेलाय, त्याला शेवटी परत बोलावू नका. ‘इट’ हवाच असेल तर तो सुरुवातीला घ्या: ‘इट इज फिडली टू फासन द हुक.’

स्वतःचा अनुभव सांगायचा असेल तर ‘आय फाइंड इट फिडली.’ ‘मला ते किचकट वाटतं’ हे वाक्य शब्दाला शब्द लावून ‘इट इज फिडली टू मी’ असं केलं तर मराठीचं धोतर इंग्रजी बुटाखाली दिसतं.

शब्दाआधी ‘अ बिट’, ‘व्हेरी’, ‘रिअली’, ‘टू’ हे सगळे चालतात. ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ नको. किचकटपणा कमी-जास्त असतो, आणि ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ हा शब्द जे एकदम टोकाचंच असतं त्याच्यापुढे शोभतो.

आणि माणसाला हा शब्द लावायचा नाही. ‘तो लई किचकट माणूस आहे’ हे मराठीत चालतं. इंग्रजीत तो माणूस ‘फसी’ किंवा सरळ ‘डिफिकल्ट’.

३. स्पेलिंग, उच्चार आणि शेपटीची फसवणूक

स्पेलिंग एफ-आय-डी-डी-एल-वाय. डी दोनदा. एल आणि वायच्या मध्ये ई घातला तर दुसराच शब्द होतो. तो जहाजावरचा, बॉयलरखोलीकडे उतरणाऱ्या झडपेभोवतीच्या लोखंडी चौकटीचा. स्पेलिंग तपासणारं सॉफ्टवेअर त्याला कदाचित लाल रेघही मारणार नाही.

उच्चार ‘फिड्-ली’, जोर पहिल्या भागावर. ‘फिडेली’ नाही, ‘फिडीली’ नाही. ‘फ’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकवा. ‘फळ’मधला फ इथे लावला तर समोरचा ‘पिडली’ ऐकतो.

आता शेपटी. शब्दाच्या शेवटी एल-वाय दिसलं की शाळेत शिकलेलं आठवतं: हे क्रियाविशेषण. ‘स्लोली’, ‘क्विकली’ तसं ‘फिडली’. इथेच घसरगुंडी. फिडली हे विशेषण आहे, ‘फ्रेंडली’, ‘लोनली’, ‘कॉस्टली’ यांच्या पंक्तीतलं. त्यामुळे ‘ही असेंबल्ड इट फिडली’ हे वाक्य चूक. म्हणायचंय ते असं म्हणा: ‘इट वॉज फिडली टू असेंबल.’ याचं क्रियाविशेषण करायच्या नादाला लागू नका. जे होतं ते उच्चारायलाच फिडली आहे.

तुलना करताना वाय जातो आणि आय येतो: फिडलिअर, फिडलिएस्ट. ‘मोअर फिडली’ही बोलण्यात ऐकू येतं, पण लिहिताना पहिलं रूप बरं.

४. फिडलच्या भावकीपासून सांभाळा

ही पायरी सावकाश वाचा. बाकी चुकांनी हसू होतं, इथल्या चुकीने ऑर्डर जाते.

शब्दाचं मूळ ‘फिडल’. फिडल म्हणजे व्हायोलिन. तारांवर बोटं सतत नाचत असतात, त्यावरून फिडल करणं म्हणजे एखाद्या वस्तूशी बोटांनी चाळा करणं, आणि त्याच चाळ्यावरून फिडली. इथपर्यंत घर सभ्य आहे. पण त्याच घरातल्या एका भावाने वेगळाच धंदा टाकलाय. ब्रिटिश बोलीत ‘फिडल’ म्हणजे हिशेबात हातचलाखीसुद्धा. ‘फिडलिंग द बुक्स’ म्हणजे खोटे हिशेब लिहिणं. ‘ही इज ऑन द फिडल’ म्हणजे गडी वरकमाई करतोय.

समजा गोकुळ शिरगावच्या एका युनिटमधून इंग्लंडच्या गिऱ्हाइकाला मेल जातोय. रीडिंग घ्यायला वेळ लागला, कारण गेज बारीक भोकात नीट बसत नव्हता. लिहिणाऱ्याने हौसेने लिहिलं: ‘अवर इन्स्पेक्टर वॉज फिडलिंग द रीडिंग्ज.’ वाचणाऱ्याला अर्थ लागतो: आमचा इन्स्पेक्टर मापं खोटी लिहीत होता. आपल्याच लेटरहेडवर दिलेला कबुलीजबाब. लिहायला हवं होतं ते एवढंच: ‘द रीडिंग्ज वेअर फिडली टू टेक.’

‘फिडलिंग विथ’ त्यामानाने सौम्य, पण कामाच्या पत्रात तेही नको. ‘द ऑपरेटर वॉज फिडलिंग विथ द मशीन’ यातून ऑपरेटर उगाच बटणांशी खेळत होता असं दिसतं. सेटिंग करत होता म्हणायचं तर ‘अ‍ॅडजस्टिंग’.

आणखी एक जुळा भाऊ आहे. ‘इट्स अ बिट ऑफ अ फिडल’ म्हणजे ते जरा किचकट आहे. ‘इट्स अ फिडल’ म्हणजे ही फसवाफसवी आहे. फरक ‘अ बिट ऑफ’ एवढाच. नवख्याने दोन्ही सोडून द्यावेत. विशेषण तेवढं वापरावं, नाम आणि क्रियापदाला हात लावू नये.

५. किचकटाचे बाकीचे वाटेकरी

यादीतली जी कामं पहिल्या पायरीवर बाद झाली त्यांना दुसरे शब्द लागतील.

वळणावळणाची, एका खिडकीतून दुसरीकडे पाठवणारी प्रक्रिया, किंवा पोटात चार पोटवाक्यं असलेलं सरकारी वाक्य: कन्व्होल्यूटेड. प्रक्रिया सरळ आहे पण जड आहे, प्रती फार, सह्या फार: कंबरसम. चालतं, पण अडखळत, ढोबळपणे चालतं, असं जुनं सॉफ्टवेअर किंवा कुरकुरणारं मशीन: क्लंकी. नियमांचं जाळं आणि त्यातला धागा कुणालाच न सापडणारा कारभार: बायझंटाइन. हा शब्द बायझंटियमवरून आलाय, म्हणजे आजच्या इस्तंबूलवरून. तो लेखात शोभतो, गिऱ्हाइकाच्या मेलमध्ये नाही. गणित, कायदा, मशीनची रचना असं डोक्याला लागणारं काम असेल तर मग खुशाल कॉम्प्लिकेटेड लिहा.

गुजरीतल्या सराफांसाठी एक वेगळी सूचना. नको तितकी नक्षी असलेल्या वस्तूला इंग्रजीत ‘बरोक’ म्हणतात. पण दागिन्यांच्या धंद्यात ‘बरोक पर्ल’ म्हणजे वेडावाकडा, गोल नसलेला मोती. या शब्दाचं मूळही बहुधा वाकड्या मोत्यासाठीच्या पोर्तुगीज शब्दातच आहे. तुमच्या दागिन्यात खरोखर तसे मोती नसतील तर वर्णनात ‘बरोक’ लिहू नका. गिऱ्हाईक मोती शोधेल.

आणि ‘इंट्रिकेट’. सर्वांत जास्त घोळ याच्यात होतो, म्हणून कोल्हापुरी साज समोर ठेवून बघू. साजाची बारीक घडवलेली पानं, मधले मणी, मधला पदक. बघणाऱ्याला हे सगळं इंट्रिकेट. ही स्तुती आहे: बारीक, नाजूक, कौशल्याचं. तोच साज ओवायला बसलेल्याच्या हातात एकेक पान क्रमाने घ्यायचं, उलटं पडू द्यायचं नाही, मणी निसटला तर चटईखाली शोधायचा. त्याच्यासाठी काम फिडली. वस्तू एकच, बघणाऱ्याची आणि करणाऱ्याची जागा वेगळी. म्हणून विक्रीच्या वर्णनात ‘इंट्रिकेट डिझाइन’ लिहायचं. ‘फिडली डिझाइन’ लिहिलं तर तुम्हीच तुमच्या मालाची तक्रार केलीत.

चपलेचंही तसंच. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून इंग्रजीतली वर्णनं वाढलीत आणि चुकाही. पट्ट्यावरची चामड्याची वेणी: इंट्रिकेट. ती वेणी घालणं: फिडली. नवी चप्पल अंगठ्याला लागते, चावते, त्याला मात्र ‘स्टिफ’. तीन शब्द, तीन जागा.

६. समोर कोण आहे ते बघा

फिडली हा मुळात ब्रिटिश बोलीतला शब्द. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्येही चालतो. अमेरिकेत कमी वापरतात. तिकडे ‘ट्रिकी’ लिहिलेलं बरं, किंवा ‘फिनिकी’. फिनिकीत वस्तूच्या नखऱ्याचाही अर्थ येतो: आज चालेल, उद्या रुसेल असा कार्ब्युरेटर. पुण्या-मुंबईच्या ऑफिसात लिहिताना वाचणाऱ्याला शब्द माहीत असेल असं धरू नका. तिथे ‘टाइम-कन्झ्युमिंग’ला पर्याय नाही, अर्थ थोडा सांडतो तरी.

शिवाय शब्द बोलण्यातला आहे, दप्तरी नाही. ओळखीच्या गिऱ्हाइकाचा मेल, फोन, व्हॉट्सअ‍ॅप, व्हिडिओ कॉल इथे छान. टेंडर, करारनामा, तक्रारीचं औपचारिक पत्र, शोधनिबंध इथे नाही. आयइएलटीएस, म्हणजे परदेशी जाण्यासाठीची इंग्रजीची परीक्षा, देणाऱ्यांनी तोंडी परीक्षेत जरूर वापरावा, निबंधात टाळावा.

कोटेशन देताना दोन्ही भाषा लागतात, म्हणून एकच गोष्ट दोन प्रकारे कशी लिहायची ते बघा. जॉबमध्ये ३ मिलिमीटरची आडवी भोकं आहेत आणि त्यांच्या आतल्या कडेची बर, म्हणजे भोक पाडताना राहिलेली धातूची कूस, हाताने काढावी लागते. दर नगाला १२ मिनिटं.

मेलमध्ये: ‘द मशीनिंग इज स्ट्रेटफॉरवर्ड, बट डीबरिंग द क्रॉस-होल्स इज फिडली.’

कोटेशनच्या कागदावर: ‘मॅन्युअल डीबरिंग ऑफ क्रॉस-होल्स, ट्वेल्व्ह मिनिट्स पर पीस.’

मेलमधलं वाक्य नीट बघा. तिथे ‘धिस जॉब इज व्हेरी कॉम्प्लिकेटेड’ असतं तर गिऱ्हाइकाला वाटलं असतं की या लोकांना काम झेपत नाही. ‘फिडली’ने सांगितलं की काम येतं, अडचण कसलीही नाही, फक्त हात लागतात आणि वेळ लागतो. दर का वाढला याचं कारण त्या एका शब्दात बसतं. कागदावर मात्र विशेषणाला किंमत नाही, तिथे मिनिटं लिहायची.

७. समोरच्याने वापरला तर

ब्रिटिश माणूस तक्रार करताना आवाज चढवत नाही, उलट खाली आणतो. त्यामुळे गिऱ्हाइकाने ‘द क्लास्प इज अ बिट फिडली’ लिहिलं तर ‘अ बिट’वर विसंबू नका. ‘जरासं’ म्हणजे जरासं नव्हे. दागिना गळ्यात घालताना मागचा हुक लागत नाही, दुसऱ्याला बोलवावं लागतं, आणि असंच राहिलं तर पुढच्या वेळी घेणार नाही, एवढं सगळं त्या वाक्यात आहे. ‘थँक यू फॉर युवर फीडबॅक’ लिहून विषय संपवलात तर तोही विषय संपवतो. तुमच्याकडून घेणं बंद करून.

उत्तराचा क्रम असा ठेवा. आधी नेमका भाग विचारा: ‘विच पार्ट डू यू फाइंड फिडली?’ कारण हुक लहान आहे, कडी घट्ट आहे की साखळी आखूड आहे, हे त्या शब्दावरून कळत नाही. मग काय बदलता ते सांगा: मोठा हुक, मागे जोडसाखळी, किंवा आपली नेहमीची सरकगाठीची दोरी. दोरी पाठवणार असाल तर ती ओढायची कशी याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ सोबत हवाच. आपल्याकडच्या पोरींना सरकगाठ आईकडून कळते. लीड्सच्या बाईला ती गाठ म्हणजे नवं फिडली.

तुमच्या बांधणीच्या सूचना वाचून कुणी ‘द इन्स्ट्रक्शन्स आर फिडली’ लिहिलं, तर तक्रार इंग्रजीची नसते, पायऱ्यांची असते. एका पायरीत एकच कृती ठेवा, स्क्रूंची पुडी आकारानुसार वेगळी करा, आणि प्रत्येक आकाराचा एक स्क्रू जास्तीचा टाका. तो निसटतोच.